युगांडातून अमेरिकेत आलेल्यांची आर्थिक स्थिती इतर स्थलांतरितांशी कशी ताडून पाहावी

न्यूयॉर्कचे महापौर जोहरान ममदानी यांचा जन्म १९९१ सालचा, युगांडाची राजधानी कंपालातला. त्यांचे वडील प्राध्यापक महमूद ममदानी कंपालातच वाढले. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देशाबाहेर काढलं, त्यात तेही होते. मात्र त्यांचा जन्म १९४६ साली मुंबईत झालेला. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या पद्धतीने मोजलं तर मुलगा ‘युगांडात जन्मलेल्यां’मध्ये बसतो आणि वडील ‘भारतात जन्मलेल्यां’मध्ये, म्हणजे पुण्या-नाशिकहून गेलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या रांगेत. ‘युगांडी लोक इतर स्थलांतरितांपेक्षा जास्त कमावतात का?’ या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर कोणी दिलं, तर आधी त्याला विचारा की मोजलेले युगांडी नेमके कोण होते.

ही तुलना घरच्या संगणकावर फुकटात करता येते. आधार अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा. हे खात्याचं दरवर्षीचं सर्वेक्षण, सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जाणारं. खात्याच्या संकेतस्थळावरचे तयार तक्ते सुरुवातीला उपयोगी पडतात. एस०५०१ या तक्त्यात परदेशात जन्मलेल्या सर्वांचं उत्पन्न, शिक्षण, रोजगार, दारिद्र्य एकत्र मिळतं, एस०५०४ मध्ये आफ्रिकेतून आलेल्यांचं. बी०५००६ मध्ये जन्मदेशानुसार माणसांची संख्या असते, उत्पन्न नसतं. म्हणजे युगांडासाठी कच्च्या नोंदींकडे जावंच लागतं. या नोंदींच्या फाइलींना ‘पम्स’ म्हणतात. मिनेसोटा विद्यापीठाचा ‘आयपम्स’ प्रकल्प त्याच नोंदी अधिक सुटसुटीत रूपात देतो.

आधी माणसं ठरवा

जन्मस्थळाच्या रकान्यातून युगांडा निवडा. त्याचा सांकेतिक अंक त्या-त्या वर्षाच्या फाइलीसोबतच्या कोशातच बघा, जुन्या लेखातून उचलू नका. सोबत ‘परदेशी नागरिक म्हणून जन्मलेला’ ही अट घाला. अमेरिकन आईबापांच्या पोटी कंपालात जन्मलेलं मूल कायद्याने जन्मतःच अमेरिकन असतं, ते स्थलांतरित नव्हे. हा गाळणीचा टप्पा विसरला तर मिशनऱ्यांची आणि राजदूतावासातल्यांची मुलंही यादीत येतात.

एवढं केल्यावर हाती आलेला गट एकजिनसी नसतो. त्यात निदान तीन प्रकारची माणसं आहेत. पहिले, शिक्षण, नातेवाईक, आश्रय किंवा व्हिसा-सोडत अशा वाटांनी आलेले युगांडी. दुसरे, युगांडात जन्मलेले आशियाई वंशाचे लोक, बहुतेक गुजराती. यांतले १९७२ च्या हकालपट्टीतले आज पन्नाशीच्या पुढे आहेत. तिसरे मात्र बहुतेकांच्या ध्यानातच येत नाहीत: युगांडाच्या निर्वासित वसाहतींत जन्मलेली काँगो किंवा रवांडाच्या कुटुंबांतली मुलं. युगांडात पंधरा लाखांहून अधिक निर्वासित राहतात. नाकिवाले ही वसाहत तर १९५८ पासूनची. तिथे जन्मलेलं मूल आईवडिलांबरोबर निर्वासित म्हणून अमेरिकेत आलं की त्याचं जन्मस्थळ युगांडा आणि आईचं काँगो, असं नोंदलं जातं. नव्याने आलेल्या निर्वासित कुटुंबाची आर्थिक घडी बसायला वर्षं लागतात. या मुलांमुळे ‘युगांडी दारिद्र्य’ वाढलेलं दिसतं, आणि त्याचा कंपालाहून परिचारिका म्हणून आलेल्या बाईशी काडीचा संबंध नसतो.

वेगळं करायला तीन रकाने वापरा: वंश, घरात बोलली जाणारी भाषा आणि पूर्वजांचं मूळ. वंश आशियाई आणि भाषा गुजराती असेल तर शंका उरत नाही. काँगोच्या कुटुंबासाठी त्याच घरातल्या मोठ्यांचं जन्मस्थळ बघा, ती खूण सर्वांत भरवशाची. पूर्वजांचं मूळ लोक स्वतः लिहितात, कित्येक जण नुसतं ‘आफ्रिकन’ लिहून मोकळे होतात. म्हणून त्या एकट्या रकान्यावर गट उभा करू नका. त्याचा एक फायदा आहे: अमेरिकेत जन्मलेली आणि आईबापांपासून वेगळी राहणारी दुसरी पिढी फक्त तिथेच सापडते. पण ती स्थलांतरितांच्या तुलनेत मिसळायची नाही, तिचा हिशेब स्वतंत्र मांडा.

(भाषेच्या याच रकान्यात मराठीला स्वतःचा अंक आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांची अशीच पाहणी करायची असेल तर खालची सगळी कृती जशीच्या तशी चालते.)

कोणाशी तुलना?

२०२२ साली अमेरिकेत परदेशात जन्मलेले ४ कोटी ६२ लाख लोक होते, लोकसंख्येच्या १३.९ टक्के. त्यांत दर चार-पाच जणांत एक मेक्सिकोचा. त्यामुळे ‘सर्व स्थलांतरित’ हा आकडा बराचसा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या मजुरांच्या कमाईने खाली ओढलेला असतो आणि भारतातून आलेल्या संगणक अभियंत्यांच्या कमाईने वर. असा मध्य कुणाचंच खरं वर्णन करत नाही. शिवाय आफ्रिकेतून अमेरिकेत यायचं तर विमानाचं तिकीट, व्हिसा, बहुधा पदवी लागते. त्या गाळणीतून उतरलेल्यांना सर्वांच्या सरासरीशी ताडलं की ते वर दिसणारच. त्यात युगांडाचं विशेष असं काही नाही.

म्हणून एकच माप न घेता तीन घ्या: सर्व स्थलांतरित, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतून आलेले, आणि शेजारचे केनिया-टांझानियातून आलेले. टांझानियाच्या नोंदी कमी पडतील, केनियात मिळवून टाका. प्रत्येक मापातून युगांडात जन्मलेले वगळा. ४ कोटींत त्यांनी फरक पडत नाही, पूर्व आफ्रिकेच्या गटात नक्की पडतो.

फाइल उतरवताना

पाच वर्षांची फाइल घ्या, एका वर्षाची नको. एका वर्षाच्या फाइलीत देशातल्या सुमारे एक टक्का लोकांच्या नोंदी असतात. समजा युगांडात जन्मलेले ४०,००० आहेत, तर हाती चारशेच्या आसपास नोंदी येतील, त्यांतले कुटुंबप्रमुख फार तर दोनशे. दोनशे घरांवरून मध्यक (मधोमध येणारं उत्पन्न) काढता येईल, पण त्याचे वयानुसार, राज्यानुसार तुकडे करता येणार नाहीत. पाच वर्षांत हेच पाचपट होतं. २०२० ची एक वर्षाची फाइल तर टाळाच. महासाथीत सर्वेक्षण विस्कळीत झालं आणि खात्याने ती नेहमीच्या दर्जाची न मानता ‘प्रायोगिक’ म्हणून दिली.

देशभराची पाच वर्षांची फाइल दीड कोटीहून अधिक ओळींची असते. एक्सेलमध्ये एका पानावर १०,४८,५७६ ओळींपलीकडे काही मावत नाही. पुढच्या ओळी गळतात आणि उरलेल्या तुकड्यावर हिशेब बिनबोभाट चालू राहतो. ‘आर’ किंवा पायथन वापरा आणि हवे तेवढेच रकाने वाचा. माणसांच्या फाइलीतून घराचा क्रमांक, कुटुंबप्रमुखाशी नातं, जन्मस्थळ, नागरिकत्व, वंश, भाषा, पूर्वजांचं मूळ, आगमनाचं वर्ष, वय, शिक्षण, व्यवसाय, वेतन, कामाचे तास आणि आठवडे, दारिद्र्य-गुणोत्तर (उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किती टक्के आहे ते), भार (ती एक नोंद किती जणांच्या वतीने आहे तो आकडा) आणि त्रुटी काढण्यासाठी दिलेले ८० पर्यायी भार. घरांच्या फाइलीतून घराचं उत्पन्न, माणसांची संख्या, मालकी की भाडं, भाड्याचं उत्पन्नाशी प्रमाण, आणि घराचे भार. दोन्ही फाइली घराच्या क्रमांकावर जोडा. तो क्रमांक अक्षरांसकट मजकूर म्हणूनच वाचा, अंक म्हणून वाचलात तर जोडणी फसते.

पाच वर्षांच्या तयार फाइलीत भार आधीच पाचाने भागलेला असतो. एकेका वर्षाच्या पाच फाइली स्वतः एकाखाली एक लावल्या असतील तर ती भागणी तुम्हाला करावी लागते. नाहीतर युगांडी लोकसंख्या पाचपट दिसेल.

युगांडाकडे वळण्याआधी एक पडताळा करा. भार लावून देशाची एकूण लोकसंख्या काढा आणि खात्याने पडताळणीसाठी दिलेल्या आकड्यांशी जुळवा. तंतोतंत जुळली पाहिजे. जुळत नसेल तर चूक तुमच्याकडे आहे, पुढे जाऊ नका.

उत्पन्न

उत्पन्नाचे सगळे डॉलरमधले आकडे आधी समायोजन-गुणकाने गुणा. हा गुणक फाइलीत सहा दशांश स्थळं न दाखवता लिहिलेला असतो, म्हणून तो दहा लाखाने भागून घ्यायचा. पाच वर्षांच्या फाइलीत यामुळे सगळं उत्पन्न शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये येतं. हे न करता २०१९ आणि २०२३ चे पगार एकत्र घातले तर जो गट अलीकडे जास्त आला तो उगाच श्रीमंत दिसतो. रिकाम्या जागा शून्य समजू नका. पंधरा वर्षांखालच्यांना उत्पन्न विचारलेलंच नसतं. उलट, खरं शून्य आणि तोट्यातलं ऋण उत्पन्न ठेवा.

घराच्या उत्पन्नाची तुलना करताना फक्त कुटुंबप्रमुखाची ओळ घ्या आणि घराचा भार लावा. घराचं उत्पन्न घरातल्या प्रत्येकाच्या ओळीवर चिकटवून माणसाचा भार लावला तर सहा माणसांचं घर सहा वेळा मोजलं जातं. सरासरी नको, मध्यक काढा: घरं उत्पन्नाप्रमाणे चढत्या क्रमाने लावा, भारांची बेरीज करत जा, एकूण भाराच्या निम्म्यावर जिथे पोचाल ते उत्पन्न.

पण हा मध्यक एकटा फसवतो, कारण घरं लहान-मोठी असतात. पाच माणसांचं घर वर्षाला ९०,००० डॉलर आणतं आणि दोन माणसांचं ६०,०००. चांगलं कोणाचं चाललंय? उत्पन्नाला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. पहिल्याचे ९०,००० भागिले २.२३६, म्हणजे सुमारे ४०,२५०. दुसऱ्याचे ६०,००० भागिले १.४१४, म्हणजे सुमारे ४२,४००. क्रम उलटला. ज्या समाजात भाऊ, मावशी, नुकताच आलेला पुतण्या एकाच छपराखाली राहतात, तिथे हे केल्याशिवाय घराच्या उत्पन्नाचा आकडा छापू नये.

व्यक्तीच्या वेतनाचंही तसंच, तिथे तास लपतात. बोस्टनजवळच्या वॉल्थम या गावात युगांडी वस्ती मोठी आहे, आणि त्या भागातले पुष्कळ जण शुश्रूषा, वृद्धांची देखभाल अशा कामांत आहेत. या धंद्यात दोन-दोन पाळ्या करणं नवं नाही. आठवड्याला ६० तास, ५२ आठवडे आणि वर्षाला ६२,४०० डॉलर म्हणजे तासाला २० डॉलर. ४० तास, तेवढेच आठवडे आणि ५२,००० म्हणजे तासाला २५. वार्षिक वेतन पाहणारा पहिल्याला सुखी म्हणेल. म्हणून वार्षिक वेतन आणि तासाचं वेतन शेजारी-शेजारी द्या. तासाचं काढताना २५ ते ६४ वयोगट आणि वर्षात निदान काही आठवडे काम केलेले लोक घ्या. आठवड्यांची नेमकी संख्या २०१९ पासूनच्या नोंदींत मिळते, त्याआधी ‘४८ ते ४९’ अशा पट्ट्या होत्या.

पदवीधरांकडे वेगळं बघावं. पदवी आणि त्यावरचं शिक्षण असलेल्यांपैकी किती जण पदवी न लागणाऱ्या कामात आहेत, हे प्रमाण दोन्ही गटांसाठी काढा. पदवी कुठल्या देशातली हे सर्वेक्षण विचारत नाही. पंचविशीनंतर आलेल्यांची पदवी बहुधा मायदेशातली, एवढं धरून चालता येतं. कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठाची पदवी असलेला माणूस देखभालीच्या कामात का, याचं बरंच उत्तर परवाना-परीक्षांमध्ये असतं. आकडे फक्त प्रमाण दाखवतील.

दारिद्र्य, आणि गायब होणारी मुलं

दारिद्र्य-गुणोत्तर १०० च्या खाली असलेले दारिद्र्यरेषेखाली. वर ते ५०१ वर कापलेलं असतं, त्यामुळे त्याची सरासरी काढू नका. वसतिगृह, तुरुंग, शुश्रूषागृह इथल्यांसाठी रकाना रिकामा असतो, त्यांना छेदातूनही वगळा. पण भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी मोजला जातो आणि कागदावर गरीब दिसतो. विद्यार्थी धरून आणि सोडून असे दोन आकडे काढा.

मोठी चूक पुढे आहे. युगांडी आईबापांची बहुतेक मुलं अमेरिकेत जन्मतात आणि नोंदीत ‘देशी’ ठरतात. फक्त परदेशात जन्मलेल्यांचं दारिद्र्य मोजलं की जवळजवळ सगळी मुलं यादीबाहेर जातात, उरतात ती कमावती माणसं. दरडोई उत्पन्नही याच कारणाने फुगतं. उपाय सोपा आहे: कुटुंबप्रमुख युगांडात जन्मलेला आहे अशी घरं निवडा आणि त्या घरांतली सगळी माणसं, मुलांसकट, माणसांचा भार लावून मोजा. तुलनेच्या गटासाठीही हेच करा. एका बाजूला मुलं धरून आणि दुसऱ्या बाजूला सोडून काढलेले आकडे शेजारी ठेवलेले सर्रास दिसतात.

दारिद्र्यरेषा सगळ्या देशाला एकच असते, मॅसॅच्युसेट्सला तीच आणि मिसिसिपीलाही तीच. महागड्या शहरांत एकवटलेल्या गटाची ओढाताण तिच्यात दिसत नाही. इथे भाड्याचा रकाना कामी येतो: उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त भाड्यात देणाऱ्या घरांचं प्रमाण. उत्पन्नालाही राज्यनिहाय किंमत-निर्देशांकाने भागता येतं. निर्देशांक १०८ असेल तर ८०,००० डॉलर म्हणजे सुमारे ७४,१०० डॉलरची खरेदीशक्ती. गावाच्या पातळीवर जाऊ नका. नोंदींत सर्वांत लहान भौगोलिक तुकडा निदान एक लाख वस्तीचा असतो, एकटं वॉल्थम त्यात सुटं मिळत नाही. २०२२ च्या आसपास या तुकड्यांच्या सीमाही बदलल्या, आणि पाच वर्षांच्या फाइलीत जुन्या-नव्या सीमा मिसळलेल्या असतात.

फरक खरा आहे का?

प्रत्येक आकड्यासोबत त्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे तो किती इकडेतिकडे होऊ शकतो, ते द्यायचंच. मूळ भाराने आकडा काढा. मग तोच आकडा ८० पर्यायी भार एकेक करून लावून ८० वेळा काढा. प्रत्येकातून मूळ आकडा वजा करा, वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, तिला ४ ने गुणून ८० ने भागा, वर्गमूळ घ्या. ही प्रमाण त्रुटी. तिला १.६४५ ने गुणलं की खात्याच्या तक्त्यांत छापतात ती ९० टक्के विश्वासाची चूकमर्यादा मिळते. घरांच्या आकड्यांना घरांचे पर्यायी भार, माणसांच्या आकड्यांना माणसांचे.

निव्वळ उदाहरणापुरते आकडे घेऊ. युगांडी घरांतलं दारिद्र्य १३.० टक्के, प्रमाण त्रुटी १.८. सर्व स्थलांतरितांचं १३.९, त्रुटी ०.०५. फरक ०.९. दोन्ही त्रुटींचे वर्ग, त्यांची बेरीज, वर्गमूळ: १.८ च. ०.९ भागिले १.८ म्हणजे ०.५. ते १.६४५ च्या खाली आहे, म्हणून ‘युगांडी कमी गरीब’ असं लिहिता येणार नाही. मोठ्या गटाची त्रुटी नगण्य असली तरी लहान गटाची त्रुटी सगळी तुलना ठरवते. त्रुटी आकड्याच्या ३० टक्क्यांहून मोठी असेल तर तो आकडा छापूच नका, गट एकत्र करा.

वर्षांचा हिशेब

नवा आलेला गट आणि जुना गट यांची कच्ची तुलना म्हणजे पहिलीतल्या मुलाची उंची दहावीतल्याशी मोजणं. पुन्हा उदाहरणापुरतंच: अमेरिकेत दहाहून कमी, दहा ते एकोणीस आणि वीसहून जास्त वर्षं झालेल्या युगांडी घरांचे वाटे ५०, ३०, २० टक्के आणि त्यांचं दारिद्र्य १८, १०, ७ टक्के. सर्व स्थलांतरितांचे वाटे २५, २५, ५० आणि दारिद्र्य २०, १४, ११. एकूण काढलं तर युगांडी १३.४, सर्व १४.०. जवळपास सारखंच. आता युगांडी दरांना सर्वांचे वाटे लावा: ४.५ अधिक २.५ अधिक ३.५, म्हणजे १०.५. साडेतीन टक्क्यांचं अंतर आधी झाकलेलं होतं, कारण युगांडी घरांत नवी जास्त.

मध्यकाला हे असं लावता येत नाही, तीन मध्यकांची सरासरी हा मध्यक नसतो. तिथे भारच बदला: पहिल्या पट्टीतल्या प्रत्येक घराचा भार २५ भागिले ५०, म्हणजे ०.५ ने गुणा, दुसरीतला ०.८३३ ने, तिसरीतला २.५ ने, आणि मग मध्यक काढा. ८० पर्यायी भारांनाही हेच गुणक लावा, नाहीतर त्रुटी चुकेल. वय आणि शिक्षणासाठीही हीच रीत, पण एका पट्टीत पन्नासहून कमी नोंदी उरल्या की पट्ट्या जोडा. तिन्ही गोष्टी एकदम सांभाळायच्या असतील तर वेतनाच्या लॉगवर (लॉगॅरिदमवर) समाश्रयण, म्हणजे रिग्रेशन, करा.

आगमनाच्या वर्षात एक खोच आहे. एकाहून जास्त वेळा आलेल्याने शेवटचं वर्ष लिहायचं असतं. वीस वर्षं राहून कंपालाला गेला आणि दोन वर्षांनी परतला, तो नोंदीत नवखा ठरतो.

ब्रिटनसाठी ही कृती चालत नाही

१९७२ च्या हकालपट्टीनंतर सुमारे २८,००० जण ब्रिटनमध्ये गेले, त्यांतले पुष्कळ लेस्टरला स्थिरावले. तिथे ‘युगांडात जन्मलेले’ म्हटलं की त्यात आशियाई वंशाचा वाटा मोठा, आणि त्यांतले बरेच निवृत्त किंवा निवृत्तीच्या वयाचे. तिथल्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्नच नसतो. शिक्षण, व्यवसाय, घराची मालकी एवढ्यावर भागवावं लागतं, आणि तेही आशियाई व आफ्रिकी वंश वेगळे करून, पंचविशी ते साठीतल्यांपुरतं. वेतनासाठी लेबर फोर्स सर्व्हेची बरीच वर्षं एकत्र करावी लागतात.

अमेरिकेच्या नोंदींतही साठवलेला पैसा, कर्ज आणि घरी पाठवलेली रक्कम नसते. युगांडात बाहेरून दरवर्षी एक अब्ज डॉलरहून अधिक येतात. ते ज्या पगारांतून जातात ते पगार इथल्या तक्त्यात पूर्ण दिसतात, गेलेला भाग दिसत नाही. म्हणून तक्त्याच्या मथळ्यात ‘संपन्नता’ न लिहिता ‘उत्पन्न’ लिहा आणि खाली चार गोष्टी नोंदवा: युगांडी म्हणजे कोण धरले, कोणती पाच वर्षं, भार न लावता किती नोंदी होत्या, आणि मुलं धरली की नाही.